मनाई हुकुमापुढे माणूस

बुधवार, १० एप्रिल १९६३. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहराच्या अधिकाऱ्यांनी सर्किट कोर्टात अर्ज घातला आणि त्याच रात्री न्यायाधीश जेंकिन्स यांनी मागितलं होतं ते तसंच्या तसं मंजूर केलं. समोरच्या बाजूला नोटीस नव्हती, त्यामुळे तिचं म्हणणं ऐकून घेण्याचा प्रश्नच आला नाही. १३९ माणसं आणि दोन संस्था त्या हुकुमाने बांधल्या गेल्या. परवान्याशिवाय मोर्चा काढायचा नाही, मिरवणूक काढायची नाही, काढणाऱ्याला उत्तेजन द्यायचं नाही. अर्जातल्या तक्रारींत दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसणं होतं, रस्त्यावर जमणं होतं, आणि चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करणंही होतं. कारण गुडघे टेकणारी माणसं काळी होती आणि चर्च गोऱ्यांचं. मध्यरात्र उलटल्यावर गॅस्टन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती तो कागद पडला. मधे फक्त गुरुवार होता. शुक्रवारी गुड फ्रायडे.

असले कागद मी आयुष्यभर हाताळले आहेत. रायगड जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत माझी वकिली गेली, तीही जवळजवळ सगळी दिवाणी. दावा दाखल करायचा, सोबत तात्पुरत्या मनाईसाठी निशाणी ५ चा अर्ज जोडायचा, आणि पहिल्याच दिवशी एकतर्फी मनाई मिळाली की अशील पेढे घेऊन येतो. त्याला पक्कं ठाऊक असतं की मूळ दाव्याचा निकाल लागायला वर्षं जाणार आहेत, आणि तोवर ज्याच्या हातात मनाई त्याच्याच ताब्यात विहीर, रस्ता किंवा बांध. खटला चालण्याआधीच अर्धा जिंकलेला असतो. त्यामुळे बर्मिंगहॅमचा हुकूम वाचताना मला त्यातली तारीख सगळ्यात आधी दिसली. ईस्टरच्या हंगामात गावातल्या दुकानांची मोठी विक्री होते. काळ्या गिऱ्हाइकांनी नेमक्या त्याच दिवसांत खरेदीवर बहिष्कार घातला होता, आणि गुड फ्रायडे व ईस्टर या दोन दिवसांना चर्चच्या माणसांच्या लेखी काय अर्थ आहे ते सांगायला नको. हुकुमाला फक्त एवढे दिवस निघून जायला हवे होते. पुढे तो रद्द झाला असता तरी त्याचं काम झालेलं असतं.

परवाना मागितला नव्हता असं नाही. ३ एप्रिलला चळवळीतल्या एक बाई नगरपालिकेत जाऊन परवाना मागून आल्या. सार्वजनिक सुरक्षेचे आयुक्त होते बुल कॉनर. परवाना मिळणार नाही, तुम्हाला शहराच्या तुरुंगापर्यंत मीच पोचवतो, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं आणि ते कोर्टाच्या कागदोपत्री नोंदलेलं आहे. दोन दिवसांनी चळवळीतल्याच रेव्हरंड फ्रेड शटल्सवर्थ यांनी तार केली. परवाना एकटा आयुक्त देत नाही, सगळ्या आयोगाकडे अर्ज करा, असं त्यांना कळवण्यात आलं. नियमच असा होता की सार्वजनिक हित, सुरक्षा, सभ्यता, नीती, सोय यांपैकी कशालाही बाधा येते असं आयोगाला वाटलं की नकार द्यायची मुभा. ज्याला नकार द्यायचा आहे त्याच्या हातात दिलेली इतकी मोठी पिशवी मी आमच्या ग्रामपंचायतींच्या ठरावांतही क्वचितच पाहिली असेल.

तर प्रश्न असा. देव मानणाऱ्या माणसाने, किंवा देव न मानता विवेकाला बांधील असलेल्या माणसाने, अशा हुकुमाचं काय करायचं? तो कायदा नव्हे, नुसता हुकूम आहे. पण न्यायाधीशाच्या सहीचा आहे. आणि काळ्या माणसांना अमेरिकेत जो काही न्याय मिळाला होता तो न्यायाधीशांच्याच सहीने मिळाला होता. १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल त्याच रांगेतला. शाळेत मुलं घ्यायला नकार देणाऱ्या गव्हर्नरांना चळवळ सांगत होती की कोर्टाचा आदेश पाळा. आता आदेश आपल्यावर आला. ज्या शब्दांत आपण समोरच्याला सांगितलं, तेच शब्द आपल्याला लागू होतात की नाही?

गुड फ्रायडेच्या सकाळी गॅस्टन मोटेलच्या ३० नंबरच्या खोलीत चोवीसएक माणसं जमली होती. जामिनाचे पैसे संपले होते. आधीच तुरुंगात गेलेल्यांना सोडवायचं तर किंग यांनी बाहेर राहून पैसे उभे करायला हवे होते. त्यांचे वडील, स्वतः धर्मोपदेशक, हुकूम मोडू नये या मताचे होते. किंग उठले, आतल्या खोलीत एकटे गेले. बाहेर आले तेव्हा अंगावर नेहमीचा सूट नव्हता, कामगार घालतात तसले निळ्या डेनिमचे कपडे होते. त्यांनी आपला निर्णय तोंडाने सांगण्याआधीच कपड्यांनी सांगितला. दुपारी पन्नास-साठ माणसं घेऊन ते आणि त्यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनॅथी निघाले, थोडं अंतर चालले, आणि पकडले गेले.

त्याच सुमारास शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढलं होतं. त्यात बिशप होते, पाद्री होते, एक ज्यू रब्बाय होते. ती काही दुष्ट माणसं नव्हती. वर्णभेदाच्या बाजूने आग लावणाऱ्या गव्हर्नरला त्यांनी काही महिन्यांपूर्वी समज दिली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तक्रार असेल तर ती कोर्टात आणि वाटाघाटीत मांडा, रस्त्यावर नको. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मी ते किती अशिलांना सांगितलं असेल! किंग यांनी तुरुंगात त्याला उत्तर लिहिलं, आधी वर्तमानपत्राच्या समासांत, मग मिळेल त्या कागदांवर, आणि ते वकिलांच्या हातून बाहेर गेलं. १६ एप्रिल ही त्यावरची तारीख.

त्या पत्रातला युक्तिवाद जुना आहे, आणि तो जुना आहे हेच त्याचं बळ. संत ऑगस्टीनपासून चालत आलेलं मत असं, की अन्याय्य कायदा हा कायदाच नव्हे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस यांनी त्याला कसोटी दिली: माणसाने केलेला कायदा ईश्वराच्या आणि निसर्गाच्या कायद्यात रुजलेला असला पाहिजे. किंग ती कसोटी रस्त्यावर आणतात. ज्याने माणसाचं माणूसपण उंचावतं तो कायदा न्याय्य, ज्याने ते खच्ची होतं तो अन्याय्य. बहुसंख्यांनी अल्पसंख्यांवर लादला आणि स्वतःला लावून घेतला नाही, तर तो अन्याय्य. ज्यांना मतच देऊ दिलं नाही त्यांच्यासाठी केला, तर अन्याय्य. आणि मग वकिलाला थांबायला लावणारी एक जागा येते: कायदा दिसायला न्याय्य असतो, वापरायला अन्याय्य. मोर्चाला परवाना लागावा यात चूक काही नाही. तो परवाना काळ्या माणसाला कधीच मिळू नये म्हणून ठेवलेला असतो, तेव्हा चूक आहे. बायबलमधल्या दानियेलाच्या पुस्तकातले तीन तरुण त्यांनी साक्षीला बोलावले आहेत. नबुखद्नेस्सर राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढे वाकायला त्यांनी नकार दिला आणि धगधगत्या भट्टीत जायची तयारी दाखवली.

भट्टीत जायची तयारी. इथेच मी अडकले, आणि बरीच वर्षं अडकून राहिले. किंग म्हणतात, अन्याय्य कायदा मोडायचा तर उघडपणे मोडा, प्रेमाने मोडा, आणि त्याची शिक्षा स्वेच्छेने भोगा. पण अन्याय्य कायदा हा कायदाच नसेल, तर त्याची शिक्षा तरी कुठून आली? जो हुकूम मला बांधत नाही, त्याच्या अवमानाबद्दल मी तुरुंगात का बसावं? तर्काने पाहिलं तर पळून जाणं, लपणं, खोटं नाव सांगणं, यात काही पाप उरत नाही. दक्षिणेतून पळालेल्या गुलामांनी किंग यांच्या शंभर वर्षं आधी तेच केलं, आणि त्यांना लपवणाऱ्यांना आज आपण पुण्यवान मानतो.

मला सुचलेलं उत्तर धर्मग्रंथातून आलेलं नाही, कोर्टाच्या व्हरांड्यातून आलेलं आहे. पळालेला गुलाम त्या राज्यातून निघून चालला होता. किंग यांना तिथेच राहायचं होतं. ज्या न्यायाधीशाने हुकूम दिला, ज्या शिपायाने हातकडी घातली, ज्या दुकानदाराने काउंटरवरून उठवलं, त्याच माणसांबरोबर उद्या एका कायद्याखाली नांदायचं होतं. अशा माणसाला हुकूम नाकारायचा असतो, कोर्ट नाकारायचं नसतं. म्हणून तो हुकूम मोडतो आणि कोर्टाच्या दारात येऊन उभा राहतो. १९२२ मध्ये अहमदाबादला न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे गांधीजींनी हेच केलं होतं: कायद्यात असेल ती जास्तीत जास्त शिक्षा द्या, असं सांगून ते उभे राहिले आणि सहा वर्षांची शिक्षा घेऊन गेले. ब्रूमफील्ड हे नाव लक्षात ठेवावं; ते महाराष्ट्रात पुन्हा भेटणार आहे.

अलाबामाच्या कोर्टाने आठ धर्मोपदेशकांना अवमानाबद्दल पाच दिवसांचा तुरुंगवास आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण वॉकर खटला या नावाने वर गेलं. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी बहुमताचा निकाल लिहिला. शहराचा नियम आणि हुकूम या दोन्हींविषयी गंभीर शंका आहेत, हे ते मान्य करतात. पण हुकूम मोडण्याआधी तो रद्द करून घ्यायला कोर्टात जायला हवं होतं. स्वतःच्या प्रकरणात कुणीही स्वतः न्यायाधीश होऊ शकत नाही, त्याचे हेतू कितीही पवित्र असोत. कोर्टाच्या प्रक्रियेचा आदर ही कायद्याच्या राज्यासाठी मोजायची लहानशी किंमत आहे, असा त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाचा भाव आहे.

त्याच दिवशी त्याच कोर्टाने लव्हिंग खटल्यात एकमताने सांगितलं की काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे घटनाबाह्य आहेत. एका दिवशी दोन निकाल. पहिला वाचून जो न्यायाधीशांवर रागावेल, त्याने दुसराही वाचावा. मला स्टुअर्ट यांचं तत्त्व खोटं वाटत नाही. ज्याला जो हुकूम पटत नाही तो त्याने मोडावा, असं ठरलं तर आधी कुणाचं मरण ओढवेल? ज्याच्या मागे पैसा, जात आणि लाठी नाही त्याचंच. अलाबामाचे गव्हर्नर वॉलेस १९६३ च्या जूनमध्ये विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, तेही फेडरल कोर्टाचा आदेश आपल्याला पटत नाही म्हणूनच.

खोटी आहे ती किंमत लहान असल्याची गोष्ट. कुणासाठी लहान? याच अलाबामात १ जून १९५६ रोजी एका राज्य न्यायाधीशाने एकतर्फी आदेश देऊन एनएएसीपी या काळ्या लोकांच्या सगळ्यात जुन्या हक्कसंस्थेचं काम बंद केलं. संस्थेने आदेश पाळून कामकाज थांबवलं. फक्त सभासदांच्या याद्या सरकारला द्यायला नकार दिला, कारण त्या यादीतलं नाव बाहेर पडलं तर नोकरी जायची, घर जळायचं. त्या नकाराबद्दल एक लाख डॉलर दंड झाला. संस्था रीतसर कोर्टात लढली. एकाच प्रकरणात चार वेळा सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि चारही वेळा तिची बाजू खरी ठरली. राज्यात पुन्हा काम सुरू करायची मोकळीक मिळाली तेव्हा १९६४ साल उजाडलं होतं. एका एकतर्फी कागदाने आठ वर्षं खाल्ली. शटल्सवर्थ यांनी आपली वेगळी संघटना त्याच १९५६ च्या जूनमध्ये काढली ती या बंदीमुळेच. त्या डिसेंबरात, नाताळच्या रात्री, त्यांच्या घराखाली बॉम्ब फुटला आणि ते ढिगाऱ्यातून चालत बाहेर आले. अशा माणसाला तुम्ही सांगता की आधी कोर्टात जाऊन बघायला हवं होतं. स्टुअर्ट लिहितात, कोर्टात जाऊन दिरंगाई वाट्याला आली असती तर गोष्ट वेगळी असती. ती वाट्याला आलेली होती, त्याच राज्यात, त्याच लोकांच्या.

माझं म्हणणं असं आहे, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर ते मी ठामपणे मांडते. कायदा जेव्हा माणसाला थांब म्हणतो, तेव्हा तो त्याच्या आयुष्यातले दिवस उसने घेत असतो. हुकूम पाळणारा नुसता आज्ञाधारक नसतो. तो कायद्याला कर्ज देणारा असतो. ते कर्ज फेडायची कुवत किंवा इच्छाच ज्या कोर्टात नाही, त्याला आणखी कर्ज द्यायला विवेक बांधील नाही. आणि फेडीची खरी शक्यता आहे तिथे पाळणं हा भित्रेपणा नव्हे. तेही धैर्यच आहे, कधीकधी जास्त कठीण.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात घडलं. महाडचं चवदार तळं १९२४ मध्ये नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि परतताना त्यांच्यावर हल्ले झाले. तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. तोंडावर, १२ डिसेंबरला, सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा घातला आणि १४ तारखेला मनाई हुकूम मिळवला: बाबासाहेब आणि त्यांच्या लोकांनी तळ्यावर जाऊ नये. २५ डिसेंबरला गावोगावची माणसं सत्याग्रहासाठी नावं नोंदवून, पायपीट करून आली होती. फत्तेखान यांच्या जागेवर मांडव पडला होता, कारण दुसरं कुणी जागा देईना. त्या संध्याकाळी मनुस्मृतीचं दहन झालं, ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. माणसांची मनं तापलेली होती, तळ्यावर जायचंच असा सूर होता. आणि बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. आपला झगडा सवर्णांशी आहे, सरकारला आणि कोर्टाला त्यांच्या बाजूला ढकलू नका, ही त्यामागची भूमिका. लोकांनी शहरातून मिरवणूक काढली. तळ्याला हात लावला नाही.

त्या परतणाऱ्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. शेलापागोट्यानिशी, भाकऱ्या बांधून, मार खायच्या तयारीने आलेली माणसं, आणि हातात काय तर कोर्टाचा आदर. मनुस्मृती जाळणारा तोच माणूस, त्याच आठवड्यात, एका दुय्यम कोर्टाचा अन्याय्य हुकूम पाळतो. यात विसंगती शोधणारे मला भेटले आहेत. मला त्यात सरळ रेघ दिसते. ज्या ग्रंथाच्या कायद्यात वर जायची वाटच ठेवलेली नाही, तो त्यांनी अग्नीला दिला. ज्या कोर्टाच्या वर दुसरं कोर्ट आहे, त्याला त्यांनी वेळ दिला.

किती वेळ? मनाई हुकूम काही महिन्यांत उठला, पण दावा चालू राहिला. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये तो फेटाळला, ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये तेच झालं, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवायची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. हे नीट वाचायला हवं. सगळी माणसं समान आहेत म्हणून पाणी मिळालं नाही. समोरच्याचा पुरावा कमी पडला म्हणून मिळालं. जवळजवळ दहा वर्षांच्या थांबण्याची फेड झाली, पण ज्या नाण्यात व्हायला हवी होती त्या नाण्यात झाली नाही. ते नाणं पाडायला त्याच अशिलाला पुढे राज्यघटना लिहावी लागली, आणि त्यात अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम आलं.

किंगही प्रत्येक हुकूम मोडत नव्हते, हे सांगायला हवं. १९६२ च्या जुलैत जॉर्जियातल्या ऑल्बनी गावी फेडरल न्यायाधीशाने मनाई केली, ती त्यांनी पाळली, कारण फेडरल कोर्ट हा आपला आधार आहे असं ते मानत. काही दिवसांत वरच्या न्यायाधीशांनी ती उठवली, पण तोवर चळवळीतला जीव गेला होता. पुढे १९६५ मध्ये, सेल्मा गावच्या पुलावर ७ मार्चला पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपलं. दोन दिवसांनी किंग हजारो माणसं घेऊन त्याच पुलावर गेले, प्रार्थना केली, आणि माघारी वळले. फेडरल न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांचा तात्पुरता मनाई हुकूम होता. मागून आलेल्या तरुणांना हा दगा वाटला. पण जॉन्सन यांनी साक्षीपुरावा ऐकला आणि १७ मार्चला निकाल दिला: अन्याय जितका मोठा, तितका त्याविरुद्ध चालण्याचा हक्क मोठा. २१ तारखेला मोर्चा फेडरल संरक्षणात निघाला, चार दिवसांनी माँटगोमेरीला पोचला. आठ दिवस उसने घेतले आणि चोख फेडले, असं कोर्ट माझ्या पाहण्यात आलेल्यांत दुर्मीळ आहे.

बर्मिंगहॅमला माझी भाची डॉक्टर आहे. तिच्यामुळे ते शहर पाहायला मिळालं. केली इन्ग्रॅम पार्कमध्ये एका पाऊलवाटेवर दोन्ही बाजूंनी धातूचे कुत्रे झेप घेतलेले आहेत. सुळे तुमच्या कोपराच्या उंचीवर येतात. अंग चोरून जावं लागतं. १९६३ च्या मे महिन्यात याच बागेत शाळकरी मुलांवर खरे कुत्रे आणि आगबंबाचे फवारे सोडले होते. समोरच सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च आहे, जिथे १५ सप्टेंबरला बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या. एक शाळेची सहल आली होती. शिक्षिका मुलांना एकेक करून त्या वाटेवरून पाठवत होत्या, घाई न करता. कायदा पाळावा की मोडावा हा प्रश्न मी पुस्तकातून सोडवायला बसले होते. तिथे उभं राहिल्यावर कळलं की ज्याच्या मुलाने ही वाट चालायची आहे, त्याच्यासाठी 'योग्य वेळ येईल' हे शब्द किती निर्दय आहेत.

माझा एक अशील होता, बौद्धवाडीतला. स्मशानाकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यावर शेजारच्या जमीनमालकाने कुंपण घातलं आणि वर कोर्टातून मनाईही आणली. हुकूम पाळा, मी तुम्हाला सांगितलं म्हणून पाळा, असं मी त्याला बजावलं. आजही तेच सांगेन. त्याने कुंपण तोडलं असतं तर पहिली फिर्याद त्याच्यावर झाली असती आणि दावा तिथेच कमजोर झाला असता. त्या पावसाळ्यात वाडीत मयत झालं. ओढ्याच्या पाण्यातून, कमरेपर्यंत भिजून, तिरडी खांद्यांवर उंच धरून माणसं पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी तो तारखेला हजर होता, ओल्याच चपलांनी. म्हणाला, "वकीलबाई, कोर्टाचा मान आम्ही राखला. आता कोर्टाला सांगा, आमचा राखा." मी तेच वाक्य माझ्या अर्जात लिहिलं, कायद्याच्या भाषेत. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची पडली. निकाल शेवटी आमच्या बाजूने लागला, पण त्याआधी वाडीतली आणखी काही माणसं त्याच ओढ्यातून गेली होती.

वॉकर निकालानंतर किंग १९६७ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा अलाबामात आले आणि शिक्षा भोगायला तुरुंगात दाखल झाले. चार वर्षांपूर्वीच्या गुड फ्रायडेची ती शिक्षा. पुढच्या एप्रिलमध्ये मेम्फिसला त्यांची हत्या झाली. मार्च १९६९ मध्ये शटल्सवर्थ यांच्या वेगळ्या अपिलात सुप्रीम कोर्टाने बर्मिंगहॅमचा तो परवान्याचा नियम मनमानीला वाव देणारा ठरवून त्यांची शिक्षा रद्द केली. हा निकालही न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनीच लिहिला.

कायद्याने पुढे थोडी फेड केली. १९६८ मध्ये मेरीलँडमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की समोरच्याला कळवायचा प्रयत्नही न करता सभेवर एकतर्फी मनाई आणता येणार नाही. १९७७ मध्ये स्कोकी गावच्या प्रकरणात सांगितलं, की राज्याला अशी बंदी घालायची असेल तर तातडीने वरच्या कोर्टात दाद मिळाली पाहिजे, नाहीतर बंदीला स्थगिती द्यावी लागेल. पहिल्या प्रकरणातले अपीलकर्ते गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणाऱ्या पक्षाचे होते, दुसऱ्यातले नाझी. हे कळल्यावर पहिल्यांदा मला त्रास झाला. आता वाटतं, समान वागणूक मागणाऱ्याने हे गृहीत धरूनच मागायचं असतं. शटल्सवर्थ यांनी काळ्यांसाठी वेगळा कायदा मागितला नव्हता. ज्यांनी त्यांच्या घराखाली बॉम्ब ठेवला, त्यांच्यासारख्यांनाही रस्ता नाकारण्याआधी कोर्टाने ऐकून घेतलं पाहिजे, हे त्या मागणीतच होतं.

वॉकर निकाल मात्र कुणी उलटवलेला नाही. अमेरिकेतल्या एखाद्या गावात उद्याच्या मोर्चावर आज रात्री मनाई आली, तर वकिलाला रात्रीच वरच्या कोर्टाचं दार ठोठावावं लागेल, आणि ते सकाळपर्यंत उघडलं नाही तर मोर्चाच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाला आपल्या देवाशी आणि आपल्या माणसांशी बोलून ठरवावं लागेल. मला कुणी विचारलं तर मी त्याला हुकुमाचा मजकूर नंतर वाचायला सांगेन. आधी त्या कोर्टाचा इतिहास वाच म्हणेन: यापूर्वी ज्यांना थांबवलं, त्यांना त्याने कधी बोलावलं, आणि बोलावलं तेव्हा ती माणसं हयात होती का.